दादांची लकब

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे, त्यांची आणि माझी ओळख एका कोटामुळे झाली. मी मालिकांच्या चित्रीकरणाच्या जागेत कपडेपट सांभाळते. कपडेपट म्हणजे नटांच्या कपड्यांची खोली. तेथे कपड्यांना इस्त्री होते, तुटलेली बटणे लागतात आणि ज्याचा कपडा त्याच्या अंगावर वेळेत जातो. एका सोमवारी सकाळी एक उंच, किंचित पोक काढून चालणारे गृहस्थ दारात उभे राहिले आणि हा कोट खांद्यात थोडा आवळून मिळेल का, असे त्यांनी विचारले. नट मंडळी कपडा नेहमी सैल करून मागतात. आवळून मागणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, माझे हात फार हलतात. कोटानं धरून ठेवले तर राहतील जागेवर."

हे गृहस्थ पुढे एका मालिकेत चार वर्षे दुष्ट काकाचे काम करत होते. त्या कामाने त्यांचे नाव झाले. परंतु मालिकेच्या शेवटच्या भागात त्यांनी काम बिघडवले, असे लोक अजून म्हणतात. नट थकला, संवाद विसरला, त्याला गर्व झाला, असे वर्तमानपत्रातही छापून आले. जे घडले ते मी समोर उभी राहून पाहिले आहे. म्हणून ते क्रमाने लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजते. लिहायला मी फार उशिरा शिकले, त्यामुळे माझ्या लिहिण्यात काही चुका असतील. घटनांमध्ये चूक नाही.

त्या काळी मला अक्षर ओळखता येत नव्हते. कोणता सदरा कोणाचा हे कळावे म्हणून मी प्रत्येकाच्या कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालत असे. थोरल्या सुनेचा दोरा लाल, वकिलाचा पिवळा, काकांचा राखाडी. वाचता येत नसल्यामुळे माझे पाठांतर मात्र चांगले होते. एकदा ऐकलेले माझ्या डोक्यातून जात नसे. त्या गृहस्थांना हे लवकरच कळले आणि आमच्यात एक रीत पडली. सकाळी ते संवादांचे कागद घेऊन कपडेपटात येत, समोरच्या पात्रांची वाक्ये मला एकदा वाचून दाखवत आणि मग मी इस्त्री फिरवता फिरवता ती वाक्ये म्हणत असे. ते काकांची उत्तरे देत. मालिकेतील हा काका आपल्या पुतण्यांना आणि त्यांच्या आईला एकेक करून घराबाहेर काढतो. त्यामुळे माझ्या स्वतःच्या कपडेपटातून माझी किती वेळा हकालपट्टी झाली, याची गणती नाही. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. भाऊ मोठमोठ्याने ओरडत, डोळे वटारत, टेबलावर मूठ आपटत. आमचे दिग्दर्शक तोंडाने तिखट होते. ते सर्वांसमोर म्हणाले, "तुम्ही ओरडलात की मला वाटतं शेजारच्या घरात भांडण लागलंय. आपल्या घरातला खलनायक अजून यायचाच आहे." सगळे हसले. शनिवारी संध्याकाळी मला समजले की पुढच्या आठवड्यात जमले नाही तर दुसरा नट आणायचा, असे ठरले आहे. भाऊंनाही ते समजले होते. ते माझ्या स्टुलावर बसून राहिले. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. आयुष्यभर त्यांनी हवालदार, कारकून, गर्दीतला तिसरा मनुष्य, अशी कामे केली होती.

त्यांनी मला विचारले की काय चुकते आहे. मला नाटकातले कळत नाही, असे मी म्हणाले. ते म्हणाले की म्हणूनच विचारतो. तेव्हा मी मनातले सांगितले. "राग मानू नका भाऊ, पण तुमची भीती वाटत नाही. ओरडणारा माणूस दमतो. ओरडून झालं की पाणी मागतो. आपण पाणी द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं."

ते हसले. मग त्यांनी विचारले, "मग भीती कोणाची वाटते तुम्हाला?"

मी थोडा विचार केला आणि म्हणाले की जो ओरडत नाही, आणि ज्याने बस म्हटले की आपण बसतोच, अशा माणसाची. माझ्या या उत्तराचा पुढे काय परिणाम झाला, हे लक्षात घेता मी ते दिले नसते तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाऊ प्रत्येक रविवारी आपल्या थोरल्या भावाकडे जेवायला जात. त्यांनी स्वतः लग्न केले नव्हते, त्यामुळे दादांचे घर हेच त्यांचे घर होते. सोमवारी ते आले ते वेगळेच वाटले. त्यांनी माझ्याबरोबर संवादांची तयारी केली नाही. फक्त कोट घातला, काकांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते गेले. मला राहवले नाही. मी इस्त्रीचे बटण बंद करून त्यांच्या मागे गेले आणि दिव्यांच्या पलीकडे उभी राहिले.

प्रसंग असा होता. काकांची विधवा भावजय माहेरून परत येते आणि माझी खोली मला कधी मिळणार, असे विचारते. काका टेबलाशी बसलेले असतात. आदल्या आठवड्यात याच प्रसंगात भाऊ ताडकन उठून ओरडले होते. त्या दिवशी ते उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि काचा वर करून टेबलावर अलगद ठेवला. मग उजव्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेवरून एकदाच, डावीकडून उजवीकडे फिरवला, जणू तेथे काही बारीकसे पडले आहे आणि ते जमिनीवर जाऊ द्यायचे नाही. आणि वर न पाहता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बस. बोलू आपण."

भावजयीचे काम करणारी मुलगी बसली. संवादांच्या कागदात तिने उभेच राहायचे, असे लिहिले होते. तिने नंतर मला सांगितले की आपण बसलो हे तिला बसल्यावर कळले. दिवेवाल्यांचे चाललेले कुजबुजणे थांबले. भाऊ पुढची सर्व वाक्ये त्याच आवाजात बोलले. तुझी खोली आता कोठी झाली आहे, तुझ्या मुलांना वसतिगृहात घातले आहे, तुझ्या सामानाची बांधाबांध मीच नीट केली आहे, काही फुटलेले नाही. ते इतक्या काळजीने बोलत होते की मी दिव्यांपासून दोन पावले मागे सरले. चित्रीकरण थांबले. दिग्दर्शकांनी एवढेच सांगितले की हे असेच राहू द्या आणि कोणी यात काडीचाही बदल करू नये.

त्या दिवसापासून आमच्यात भाऊंचे नाव सावकाशराव पडले. काही महिन्यांत ते वाक्य लोकांच्या तोंडी बसले. दुकानदार गिऱ्हाइकाला, मास्तर मुलांना, बायको नवऱ्याला चष्मा काढून तसे म्हणू लागली. रस्त्याने जाताना बायका सावकाशरावांना पाहून पदर सावरत आणि लांबून शिव्याही देत. ते त्या शिव्या मान लववून स्वीकारत. एका म्हातारीने तर भाजीच्या दुकानात त्यांना हातातली पिशवी मारली. ते मला फार आनंदाने सांगत होते की पिशवीत बटाटे होते, म्हणजे राग खरा होता.

या कामातले कौशल्य त्यांनी मला समजावून सांगितले होते, ते मी येथे नोंदवते. ते म्हणत की दुष्ट माणूस दुष्टपणातून उभा करू नये, कारण दुष्टपणा प्रेक्षक दुरून ओळखतात आणि सावध होतात. तो विश्वासातून उभा करावा. ज्या माणसाच्या समोर आपण आपणहून बसलो असतो, त्याचे हात घ्यावेत, त्याचा आवाज घ्यावा, त्याची काळजी जशीच्या तशी घ्यावी. फक्त शब्द बदलावेत. मग प्रेक्षक आधी बसतो आणि नंतर घाबरतो. मी विचारले की मग हे हात आणि आवाज कोणाचे. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "दादाचे. दुसऱ्या कोणाचे असणार?"

त्यांचे दादा घड्याळे दुरुस्त करत. भावापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा सावकाशराव आठ वर्षांचे होते आणि दादा बाविसाव्या वर्षी घरातील कर्ते झाले. जिन्याखालच्या अरुंद दुकानात एक टेबल, एक दिवा आणि उजव्या डोळ्याला लावायचे भिंग. घड्याळाचे सुटे भाग इतके बारीक असतात की जोरात बोलले तरी श्वासाने उडून जातात. म्हणून दादा हळू बोलत. एखादा स्क्रू जमिनीवर पडला की गेलाच, म्हणून उठण्यापूर्वी किंवा कोणाशी बोलण्यापूर्वी भिंग काढून, काच वर करून ठेवायचे आणि तळव्याने टेबलाची कड पुसून घ्यायची, ही त्यांच्या हाताची सवय झाली होती. घरी जेवणाच्या टेबलावरही तळवा तसाच फिरत असे. तेथे स्क्रू कुठून येणार, म्हणून वहिनी चेष्टा करत.

वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी धाकट्या भावाला दुकानात नेले, भिंग काढून ठेवले, कड पुसली आणि म्हटले, "बस. बोलू आपण." सावकाशरावांनी मला सांगितले की पुढे ते काय बोलले हे त्यांना आठवत नाही, पण ते वाक्य ऐकले आणि आता सगळे ठीक होईल असे वाटले. शाळेत नापास झाल्यावर दादा तसेच म्हणाले. नोकरी सोडून नट होतो म्हटल्यावरही तसेच म्हणाले. आणि पुढेही प्रत्येक रविवारी वहिनींनी ताटे उचलली की दादा कड पुसत, तसेच म्हणत आणि आठवडा कसा गेला ते विचारत. सावकाशराव आठवडाभर त्या वाक्यासाठी जगत, असे म्हटले तर ते वाढवून सांगितल्यासारखे होणार नाही.

म्हणजे त्यांनी आपल्या जवळ जी सर्वांत चांगली वस्तू होती, ती कामासाठी काढली होती. त्यांना खरोखर वाटत होते की दादा हे पाहतील आणि त्यांना बरे वाटेल. प्रत्येक सोमवारी मी विचारत असे की दादा काय म्हणाले. ते म्हणत की अजून काही म्हणाला नाही, त्याच्या मनात असेल तेव्हा म्हणेल. नट सोडून दुसऱ्या कोणाच्या हातून अशी चूक झाली नसती. दुसऱ्या कोणाला हे आधीच कळले असते.

पुढे एके दिवशी वहिनी स्वतः कपडेपटात आल्या. त्या ठेंगण्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. सावकाशराव माझ्या स्टुलावर बसले होते. वहिनींनी मला बाहेर जायला सांगितले नाही, म्हणून मी ऐकले. त्यांनी सांगितले की महिन्यापूर्वी दुकानात एक गिऱ्हाईक आले. त्याच्या वडिलांचे घड्याळ दुरुस्त होण्यासारखे नव्हते आणि ते त्याला समजावून सांगायचे होते, म्हणून दादांनी भिंग काढले, कड पुसली आणि बसा, बोलू आपण, असे म्हटले. गिऱ्हाईक खो खो हसले आणि म्हणाले की घड्याळजी, तुम्हीपण त्या काकाची नक्कल करायला लागलात का. दादांनी भिंग परत डोळ्याला लावले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पाच वर्षांच्या नातीने चिनी मातीची बरणी फोडली आणि ती पलंगाखाली लपली. दादांनी तिला बाहेर काढून टेबलाशी आणले आणि सवयीने तेच केले. ती मुलगी किंचाळली आणि आजीला जाऊन बिलगली. मला घरातून काढू नका, असे ती म्हणत होती.

वहिनी पुढे एवढेच म्हणाल्या, "भावजी, चाळीस वर्षं माझ्या घरात या आवाजावर सगळं चाललं. आता ते घड्याळाचं भिंगसुद्धा दुसऱ्या हातानं काढतात. तुम्ही काम चांगलं करता, मी नाही म्हणत नाही. पण घेताना विचारायचं तरी होतं."

सावकाशराव उठले आणि त्याच कपड्यांत, काकाच्या कोटातच, दादांच्या दुकानावर गेले. त्यांनी दादांची क्षमा मागितली. दादा म्हणाले, "तुझं काय चुकलं? चांगलं काम करतोस. सगळे नाव काढतात." हे ते मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाले. परत आल्यावर सावकाशराव मला म्हणाले की दादा रागावला असता तर मी सहन केले असते, पण तो सगळ्यांसारखा बोलला.

त्यानंतर रविवार चालूच राहिले. दादांनी दार कधी बंद केले नाही. जेवण होई, वहिनी ताटे उचलत, आणि दादा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत. उकाडा फार आहे, रस्ता खणून ठेवला आहे, असे काहीबाही बोलत आणि मग दुकानात थोडे काम आहे म्हणून उठून जात. टेबलाची कड तशीच राही. सावकाशराव वाट पाहत बसत. मला त्यांनी सांगितले की ताई, मला बाकी काही नको, त्याने एकदा मला बस म्हणावे.

त्यांनी त्या वाक्यापासून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. दिग्दर्शकांना जाऊन सांगितले की काकाची ही लकब बंद करू या. दिग्दर्शक म्हणाले, "अहो, लोक तुम्हाला बघत नाहीत, त्या चष्म्याला बघतात. तुम्ही हवी तर रजा घ्या. चष्मा ठेवून जा." सावकाशरावांनी काही भागांत हळूहळू ती लकब टाळली. लगेच प्रेक्षकांची पत्रे आली. शेवटी त्यांनी काम सोडण्याची तयारी केली, तेव्हा मालिका आणखी सहा महिन्यांनी संपवण्याचे कबूल झाले.

आता मी त्या शेवटच्या प्रसंगाकडे येते. तो चांगला लिहिलेला होता, हे मला मान्य केलेच पाहिजे. रिकाम्या घरात काका टेबलाशी एकटे बसले आहेत. थोरला पुतण्या दारात येतो. काका चष्मा काढतात, कड पुसतात आणि ते वाक्य म्हणतात. आणि पुतण्या प्रथमच बसत नाही. एवढेच. त्या सकाळी माझ्याबरोबर तयारी करताना सावकाशरावांनी सर्व बरोबर म्हटले. मी पुतण्याच्या जागी इस्त्री घेऊन उभी होते आणि बसले नाही.

प्रत्यक्षात पुतण्या दारात आला आणि सावकाशरावांनी चष्मा काढला नाही. ते ताडकन उठले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि ते ओरडू लागले. चालते व्हा, माझ्या घरातून चालते व्हा, असे ते पुन्हा पुन्हा ओरडत होते. त्यांचा आवाज चिरकला. हात इतके हलले की कोटाच्या खांद्याची शिवण उसवली. पहिल्या आठवड्यात ते जसे वाईट काम करत होते, तसेच, किंबहुना त्याहून वाईट, त्यांनी केले. दिग्दर्शकांनी पुन्हा करायला लावले. त्यांनी पुन्हा तसेच केले. तिसऱ्यांदाही तसेच. ते घराचे नेपथ्य त्याच दिवशी मोडायचे होते, सुतार पटाशी घेऊन उभे होते, म्हणून शेवटी आहे तेच ठेवावे लागले.

कोट शिवायला घेऊन मी त्यांना विचारले की असे का केलेत. ते घामाने भिजले होते आणि त्यांनी माझ्याकडून पाणी मागून घेतले. ते म्हणाले, "दादाला कळलं पाहिजे ना, की तो नालायक माणूस म्हणजे मी. ओरडणारा, हातवारे करणारा. तो दादा नव्हता कधीच. शेवटी तरी बघणाऱ्यांना कळू दे."

बघणाऱ्यांना काय कळले, ते मी वर सांगितलेच आहे. आणि दादांनी तो भाग पाहिला नाही. वहिनींनी सांगितले की घरातील दूरचित्रवाणीवर वर्षभरापासून कापड टाकलेले आहे.

पुढे सावकाशरावांना त्याच जागेत दुसऱ्या एका मालिकेत मुख्याध्यापकाचे लहान काम मिळाले. काका संपून वर्ष झाले तरी लोक ते वाक्य विसरले नव्हते. आमच्याकडे पाहुणे येत, फाटकावर चिठ्ठी लिहून घेऊन आत सोडले जात, आणि सावकाशराव कपडेपटात भेटतात हे कळल्यावर माझ्या खोलीत डोकावत. त्यातील निम्मे जण मला चष्मा काढून ती नक्कल करून दाखवत. टपालवाल्याने दाखवली, दातांच्या डॉक्टरांनी दाखवली, महाविद्यालयातील दोन मुलींनी आळीपाळीने दाखवली. मी सर्वांना छान म्हणत असे.

एका गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ आले. अंगात धुवट, नीट इस्त्री केलेला सदरा. काकाचे काम करणारे इथेच असतात का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की चित्रीकरण चालू आहे, दारावर लाल दिवा आहे, अर्धा तास तरी कोणाला आत जाता येणार नाही. त्यांनी फाटकावरची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी नेहमीप्रमाणे वाचल्यासारखे करून ती परत दिली आणि स्टूल पुढे केले. मी इस्त्री करत राहिले. ते खोलीकडे, टांगलेल्या कपड्यांकडे पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि काचा वर करून माझ्या टेबलावर ठेवला. टेबलाच्या कडेला दोऱ्याचे तुकडे पडले होते. ते त्यांनी तळव्याने डावीकडून उजवीकडे हळूच गोळा केले. आणि अगदी हलक्या आवाजात मला म्हणाले, "तुम्ही उभ्या का? बसा ना. बोलू आपण."

मी हसले. मी म्हणाले, "अहो, इथे येणारा जो तो हेच करून दाखवतो. पण इतकी हुबेहूब नक्कल अजून कोणी केली नव्हती हं."

मला त्यांचे कौतुक करायचे होते. मी अगदी मनापासून बोलले.

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हो का? जमली म्हणायची," असे ते मोठ्या आवाजात म्हणाले आणि दुकान उघडे ठेवून आलो आहे म्हणून निघून गेले. गोळा केलेले दोरे टेबलावर तसेच राहिले.

अर्ध्या तासाने सावकाशराव आले, तेव्हा मी त्यांना ही गंमत म्हणून सांगितली. मी म्हणाले की आज तुमच्यापेक्षा चांगला काका येऊन गेला. ते हसत ऐकत होते. मग मी सांगितले की गृहस्थ म्हातारे होते आणि त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती गोल खळगा पडलेला होता, वाटीने दाबल्यासारखा. सावकाशराव हसायचे थांबले. ते मुख्याध्यापकाच्या कपड्यांतच फाटकापर्यंत धावले, तेथून कोपऱ्यापर्यंत गेले. रस्त्यावर कोणी नव्हते.

ते तसेच दुकानात गेले. दादा भिंग लावून काम करत होते. मान वर न करता ते म्हणाले की मी कशाला येईन तिकडे, मला वेळ कुठे आहे. सावकाशरावांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा दादा नाही म्हणाले.

परंतु पुढे वहिनींनी सदरा धुवायला काढला, तेव्हा खिशात फाटकावरची चिठ्ठी निघाली. ती त्यांनी भावजींच्या हातात गुपचूप दिली. सावकाशरावांनी ती मला दाखवली, आणि मला वाचता येत नाही हे आठवून त्यांनीच वाचून दाखवली. त्यावर दादांचे नाव होते. नाते या रकान्यात थोरला भाऊ असे लिहिले होते. आणि कामाचे स्वरूप या रकान्यात, फाटकावरच्या पहारेकऱ्याने लिहिले नव्हते तर दादांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, बोलायचे आहे.

ही चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती हातात धरली होती. त्याच महिन्यात मी प्रौढांच्या वर्गात नाव घातले. तेथे इतरांनी बसच्या पाट्या वाचता याव्यात, नातवंडांची पत्रे वाचता यावीत, अशी कारणे सांगितली. मी काही कारण सांगितले नाही.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. दादा हयात आहेत आणि दुकानात बसतात. सावकाशराव अजून रविवारी जेवायला जातात. ताटे उचलली जातात, दादांचे हात मांडीवर असतात आणि उकाड्याविषयी बोलणे होते. ज्या वाक्याची ते वाट पाहतात ते अजून त्यांच्या कानावर पडलेले नाही. माझे गुडघे दुखतात आणि मुलगा काम सोड म्हणतो, परंतु मी दुपारी दोनच्या सुमारास कपडेपटात असतेच. येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी मी आता पुरती वाचते, रकाने सोडत नाही.

चिठ्ठी वाचून दाखवली त्या दिवशी मी त्यांच्यासमोर फार रडले. मला वाटले होते की ते आता या खोलीत पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवत त्यांनी मला सांगितले, "ताई, दादा पुन्हा आला, तर तो बोलू म्हणाला की तुम्ही बसा. आणि मला हाक मारा. मी आत काहीही करत असलो, लाल दिवा लागलेला असला, तरी हाक मारा."